बाबांच्या गाडीचा पुढचा ब्रेक

थोरल्याच्या हाताखालून गेलेला ब्रेक पुन्हा तक्रार घेऊन येत नाही, हे आसपास सगळ्यांना मान्य होतं. जुन्या मोटरसायकलींचे अडकलेले कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी दाबून धरणारे ब्रेकचे चिमटे, लोक लांबून त्याच्याकडे आणत. हत्यारं भिंतीवर ओळीनं टांगलेली, फरशीवर तेलाचा थेंब नाही, आणि गिऱ्हाइकानं बसायचं ते काचेपलीकडच्या बाकावर. असा हा नावाजलेला माणूस रोज थोडा थोडा जळत असे, कारण त्याचे स्वतःचे बाबा आपली जुनी गाडी धाकट्याकडे नेत.

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. त्याचं दुकान पुढच्या वळणावर, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे साधा दहाचा पाना हवा असला तरी आधी शोधमोहीम निघायची. बाबांनी सगळं आयुष्य लेथवर काढलेलं, सूतभर चूक कधी खपवून घेतली नाही, आणि त्यांना धाकट्याचा हा पसारा कसा चालतो, ते थोरल्याला कळत नसे. बाबांची गाडी दारावरून गेली की तो मुद्दाम मान वर करत नसे. पण नुसत्या आवाजावरून चेन सैल आहे हे त्याला समजे आणि मग दिवसभर पोटात दुखे.

"तुम्हाला गिऱ्हाइकं कमी पडतात का?" बायको विचारी.

"गिऱ्हाइकाचा प्रश्न नाही."

"मग कसला आहे?"

 यावर तो भाजीत मीठ कमी असल्याचं सांगे.

एका सकाळी बाबा गाडी ढकलतच आले. पुढचा ब्रेक धरून बसला होता, चाक धड फिरत नव्हतं. थोरल्याच्या दाराशी ते थांबले, घाम पुसला आणि पुन्हा ढकलत पुढे निघाले. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चेनचं एक वेळ ठीक होतं, पण ब्रेक? कॅलिपरच्या कामातसुद्धा बाबांनी आपल्याला ओलांडून जावं? हातातलं काम तसंच टाकून तो त्यांच्या मागोमाग गेला. धाकट्याची चूक पकडायची आणि ती बाबांसमोर पकडायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. वाटेत ओळखीचे दोघं भेटले, त्यांनी बोलण्यात अडकवलं, त्यामुळे पोचायला अंमळ उशीरच झाला.

शेडमध्ये जाऊन बघतो तर धाकटा चहा पीत बसलेला आणि बाबा बुटक्या स्टुलावर. मांडीवर फडकं, फडक्यावर कॅलिपर, हात काळेकुट्ट. ब्रेकचा दांडा दाबून दाबून त्यांनी आतला पिस्टन बाहेर ढकलला होता आणि आता रबराचं नवं सील खोबणीत बसवायला घेतलं होतं. धाकटा मागितलेली वस्तू सवयीनं शोधून हातात देत होता, बस्स. म्हणजे इतकी वर्षं बाबांची गाडी धाकटा दुरुस्त करतच नव्हता. बाबा स्वतः करत होते.

थोरल्याच्या दुकानी बाबा एकदाच आले होते. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या पान्याला हात घातला, तेव्हा तो म्हणाला होता, "बाबा, तुम्ही बाकावर बसा, मी करतो." अगदी प्रेमानं म्हणाला होता. बाबा मुकाट्यानं बाकावर बसले आणि पुन्हा कधी आले नाहीत. हे आठवलं आणि त्याला धाकट्याचा असा हेवा वाटला, जसा आजवर कधी वाटला नव्हता. धाकट्यानं काही म्हणता काही केलं नव्हतं. त्यानं फक्त बसायला स्टूल दिलं होतं.

तेवढ्यात त्याला ती खोबणी दिसली, आणि ब्रेकच्या बाबतीत गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"बाबा, खोबणीत गंजाची पांढरी पापडी राहिलीय. सील नीट बसणार नाही. ब्रेक परत धरेल."

बाबांनी वर पाहिलं. कॅलिपर त्याच्यापुढे केला. "मग काढ तूच."

थोरल्यानं तो घेतला. मिनिटाभराचं काम होतं, बोटं शिवशिवत होती. धाकटा कप खाली ठेवून बघत होता. थोरल्यानं कॅलिपर पुन्हा बाबांच्या फडक्यावर ठेवला आणि समोरच्या खोक्यावर बसला.

"तुम्हीच काढा. फक्त लोखंड लावू नका, लाकडाची काडी घ्या." एवढं बोलल्याशिवाय काही त्याला राहवलं नाही.

बाबांनी काडी तासली आणि खोबणी कोरत बसले.  सील बसलं, पण पिस्टन तिरका गेला आणि अडकला. थोरल्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बाबांनी पिस्टन ओढून काढला, ब्रेक ऑइलचं बोट फिरवलं, पुन्हा लावला. या वेळी तो सरळ आत सरकला. मग जोडणी झाली, नळीतून बुडबुडे निघून गेले, दांडा कडक लागू लागला. दाबला की चाक थांबत होतं, सोडला की मोकळं फिरत होतं. हे सगळं होईपर्यंत थोरला अवाक्षर बोलला नाही. जन्मात एवढे कष्ट त्यानं घेतले नव्हते.

"रस्त्यावर काढायच्या आधी एकदा दादाला खोलून बघू दे," धाकटा म्हणाला.

"कशाला?" बाबा हात पुसत म्हणाले. "तो इथेच बसलाय ना समोर? काही चुकलं असतं तर तो गप्प बसला असता का?" आणि त्यांनी गाडीला किक मारली.

धाकट्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं तोही तिथेच समोर बसत आला होता. थोरल्याला भावाचं वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला फार बरं वाटलं.