गोलपोस्ट नोरीनच्या नवऱ्याचे

नोरीन थ्रेलफॉल खोटं बोलायची ती फक्त क्लबसाठी. एरवी बाई इतकी स्पष्ट, की नवीन कोट घालून तिच्या दारावरून जायला आम्हा क्रॉबेककरांना धीर व्हायचा नाही. "रंग छान आहे गं," ती खिडकीतून म्हणायची, "तुला शोभत नाही, पण रंग छान आहे."

उमेदीची सगळी वर्षं तिने बिस्किटांच्या कारखान्यात घालवली आणि सगळे शनिवार क्रॉबेक टाउन फुटबॉल क्लबात. सुरुवात कशी झाली असं विचारलं तर म्हणायची, "गोलकीपरच्या पाठीवरचा आकडा उसवला होता. माझ्या पर्समध्ये सुईदोरा होता. त्या दिवशी पर्स घरी विसरले असते तर आज सुखात असते." आकडा शिवला, मग शर्ट धुतला, मग अकरांचे धुतले. तिच्या परसातल्या दोरीवर नऊ नंबरचा शर्ट आणि क्लिफर्डचा पायजमा शेजारी शेजारी वाळायचे. क्लिफर्ड म्हणजे तिचा नवरा. तो रग्बीवाला. फुटबॉल हा पायात काटा रुतलेल्या माणसांचा खेळ आहे, असं त्याचं मत होतं आणि ते तो जेवताना सांगायचा.

क्लब तसा आमचा अगदी खालचा. देशातल्या क्लबांची शिडी जिथे जमिनीला टेकते, त्या चिखलातला. पण मालक मात्र एकेक भारी मिळाले. पहिला गालिचेवाला. त्याने आमचा पिढीजात मरून रंग बदलून पिवळा केला, कारण त्याच्या गोदामात पिवळं कापड पडून होतं. दुसरा हेलिकॉप्टरने आला आणि थेट मैदानाच्या मधोमध उतरला. मैदानाची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या एर्नीने त्याला अजून माफ केलेलं नाही. तो मालक दोन हंगामांत गेला, त्याचे पैसे मात्र यायचेच राहिले. तिसऱ्याने क्लब एका पौंडाला घेतला आणि गाड्या लावायची जागा स्वतःच्याच मेहुण्याला विकली. मग आमच्याच मैदानाबाहेर गाडी लावायला आम्ही त्याच्या मेहुण्याला भाडं द्यायला लागलो.

अशाने देणी थकली आणि जप्तीवाले यायला लागले. पहिल्या खेपेला त्यांनी ऑफिसातल्या बऱ्या खुर्च्या नेल्या आणि गवत कापायचं यंत्र नेलं. एर्नी महिनाभर कात्रीने गवत कापत होता. त्यानंतर गाव शहाणं झालं. अनोळखी माणूस बॅग घेऊन फाटकात दिसला, की एर्नी लाउडस्पीकरवरून सांगायचा, "हिरव्या व्हॅनच्या मालकाने कृपया आपली व्हॅन हलवावी." हिरवी व्हॅन गावात कोणाकडेच नव्हती. ती घोषणा ऐकली की मागच्या दाराने सामान निघायचं, ज्याला जे उचलेल ते. आणि पुढच्या दारात नोरीन उभी राहायची.

दुसऱ्याची वस्तू जप्तीत नेता येत नाही, एवढा कायदा तिला कुठूनसा कळला होता. बाकीचा तिचा तिने केला.

त्या आठवड्यात मात्र गोष्टी गळ्याशी आल्या होत्या. शुक्रवारी कोर्टात तारीख होती. तोवर क्लब घेणारा कोणी मिळाला नाही, तर टाळं लागणार होतं, कायमचं. कोर्टाने नेमलेल्या प्रशासक बाई, मिस फॅरो, गिऱ्हाईक शोधत होत्या. नोरीनने सोमवारी रात्री जेवताना विचारलं, "क्लिफर्ड, शनिवारी लोक काय करतात रे?"

"कोण लोक?"

"ज्यांना क्लब नसतो ते."

"घरी बसतात," क्लिफर्ड म्हणाला. "नवऱ्याबरोबर."

नोरीनचा घास हातातच राहिला.

मंगळवारी सकाळी हिरव्या व्हॅनची घोषणा झाली. बसमधून उतरून एक मध्यमवयीन माणूस आला होता. करडा सूट, हातात बॅग, बूट लख्ख. नोरीनने ॲप्रनला हात पुसले आणि दारात गेली.

"या साहेब. चहा?"

"नको, आभार. मला फक्त जरा बघायचंय, इथे काय काय आहे ते. नाव सगडेन." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "ही खुर्ची क्लबची का?"

"माझी."

"आणि हे टेबल?"

"माझ्या बहिणीचं. ती मुलाकडे राहायला गेली, तिथे जागा नाही."

"कपाटातले हे चषक तरी..."

"सासऱ्यांचे. कबुतरांच्या शर्यतीत मिळाले त्यांना."

सगडेनने चष्मा पुढे ओढून एका चषकाकडे निरखून पाहिलं. "ह्यावर माणूस चेंडूला लाथ मारतोय."

"कबुतर आहे ते. पुसून पुसून झिजलंय."

तो चष्मा मागे सारून बाहेर मैदानावर आला. एर्नी फाटकापाशी टोपी काढून उभाच होता.

"गवत?" सगडेनने विचारलं. आवाजात आता थोडी भीती होती.

"गवत एर्नीचं. बी त्याने पेन्शनमधून आणलं."

"एकेक पातं ओळखतो मी, साहेब," एर्नी म्हणाला.

"आणि ते गोलपोस्ट?"

नोरीनने एक श्वास घेतला. "क्लिफर्ड थ्रेलफॉलचे. माझ्या नवऱ्याचे."

"दोन्ही?"

"एक घेऊन काय करायचं?"

"पण त्यांना गोलपोस्ट कशाला लागतात?"

"घेवड्याचे वेल चढवतो. सध्या हंगाम नाही म्हणून इथे ठेवलेत."

सगडेनने गोलपोस्टकडे पाठ केली. मग थकून म्हणाला, "खेळाडू?"

"अर्धेअधिक दुसऱ्या क्लबांकडून उसने आणलेत," नोरीन म्हणाली. त्या सकाळी ती बोलली त्यातलं एवढंच खरं होतं.

"म्हणजे क्लबचं स्वतःचं असं काहीच नाही."

"कर्ज आहे की, राजा. ते हवं तेवढं घेऊन जा."

त्याने बॅग बंद केली, मान लववली आणि निघाला. तो फाटकाबाहेर पडल्यावर एर्नीने नोरीनला सलाम ठोकला. "घेवडा," तो म्हणाला. "कुठून सुचतं गं तुला?"

"आपोआप येतं," नोरीन म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. चहा होतोय तोवर ऑफिसातला फोन वाजला. मिस फॅरो होत्या.

"मिसेस थ्रेलफॉल, मिस्टर सगडेन येऊन गेले ना? त्यांना कोणाला न सांगता, मंडळींनी नटूनथटून बसायच्या आत क्लब बघायचा होता, म्हणून मी कळवलं नाही. गाद्यांची पंधरा दुकानं आहेत त्यांची. शुक्रवारच्या आत सही करायची तयारी होती." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "आत्ता बसस्टॉपवरून फोन आला त्यांचा. म्हणतात, घेण्यासारखं काही नाहीच, सगळी इस्टेट कुठल्याशा थ्रेलफॉल घराण्याची आहे. तुमचे कोणी नातेवाईक का?"

नोरीनने फोन ठेवला.

"कोण होतं?" एर्नीने विचारलं.

"गिऱ्हाईक."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"ज्याला मी क्लिफर्डचे गोलपोस्ट दाखवले ते."

एर्नी खाली बसला. खुर्ची तिची होती की क्लबची, हे विचारायची ती वेळ नव्हती.

ॲप्रनसकट नोरीन धावली. ह्या वयात तिला धावताना आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. मासळीवाला दुकानाबाहेर येऊन बघत राहिला. ती स्टॉपवर पोचली तेव्हा बस सुटतच होती. तिने दारावर थापा मारल्या.

"तिकीट, नोरीन?" ड्रायव्हर डॅरेनने विचारलं.

"गप रे डॅरेन. क्लब चाललाय हातातून."

"कुठे चाललाय?"

"तुझ्याच बसने."

सगडेन तिसऱ्या बाकावर होता. तिला पाहताच त्याने बॅग छातीशी धरली. "बाई, बसही तुमचीच असेल, तर मी उतरतो."

"बसा हो. चूक झाली माझी. खुर्ची क्लबची आहे. टेबल क्लबचं. चषक तर क्लबचे आहेतच, सासऱ्यांनी जन्मात कबुतर पाळलं नाही, त्यांना पिसांनी शिंका यायच्या. मी तुम्हाला जप्तीवाला समजले."

सगडेनला ते लागलं असावं. "माझ्यात जप्तीवाल्यासारखं काय दिसलं तुम्हाला?"

"बूट."

"बुटांना काय झालं?"

"पॉलिश केलेले आहेत. आमच्याकडे मालक आले ते सगळे मऊ मऊ चामड्याच्या बुटांत, मोजे न घालता आले."

"मघाशी सगळं तुमचं, आता सगळं क्लबचं," सगडेन म्हणाला. "संध्याकाळी कोणाचं असेल?"

मागच्या बाकावरून मिसेस पॉम्फ्रेट पुढे वाकल्या. "खरं बोलतेय ती. चहाचं मोठं भांडं माझ्या न्हाणीघरात आहे, टबात. मागच्या जप्तीपासून मी घमेल्यात आंघोळ करतेय."

"गोलच्या जाळ्या माझ्याकडे," कुबड्या घेतलेला एक माणूस म्हणाला. "मटारावर घातल्यात. आज काढून देतो."

"पांढऱ्या रेघा मारायचं यंत्र आमच्या गॅरेजात," डॅरेन पुढून ओरडला. "आणि गवत कापायचं नवं यंत्र चर्चमध्ये, ऑर्गनच्या मागे."

सगडेनने वळून आख्खी बस पाहिली. "पाद्रीसुद्धा?"

"त्यांना खोटं बोलायला लागत नाही," मिसेस पॉम्फ्रेट म्हणाल्या. "त्यांना कोणी विचारतच नाही."

बस टेकाड चढून पलीकडे उतरायला लागली. सगडेन खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "वस्तू असतील, मान्य. पण मी तुमच्यावर विश्वास कसा ठेवू? तुम्ही डोळ्यांत बघून घेवडा सांगितलात मला."

नोरीनने ॲप्रन सारखा केला आणि घरी बोलते तशी बोलायला लागली.

"ठीक. मग ऐका. छप्पर गळतं, आणि पाहुण्यांच्या बाजूचं नाही, आपल्याच बाजूचं. एका कोपऱ्यात पाणी साचतं, तिथे बदकं उतरतात आणि पंच खेळ थांबवतो. डावा बचावपटू वळायला लागला की त्याचं वळून होईस्तोवर समोरच्याचा गोल होतो. मॅनेजर चांगला माणूस आहे, पण त्याला फुटबॉलमधलं कळत नाही. घातलेला पैसा तुम्हाला ह्या जन्मात परत दिसणार नाही. माझ्या भावाने मला विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, गाद्या विक आणि गप घरी बस."

डॅरेनने आरशातून मागे पाहिलं.

"नोरीन, अगं," डॅरेन हळूच म्हणाला.

"काय अगं? विचारलं त्यांनी."

सगडेनने चष्मा काढून पुसला. "ह्या महिन्यात तीन क्लब बघून आलो मी," तो म्हणाला. "तिन्ही ठिकाणी मोठ्या पडद्यावर सिनेमा दाखवला मला. पाच वर्षांत आपण कुठे असू, झळाळतं स्टेडियम, मुलं झेंडे नाचवतायत."

"आमच्याकडे पडदा होता. पण तो..."

"कोणाकडे आहे?"

"दंतवैद्याकडे."

सगडेनच्या ओठांच्या कडा हलल्या, पण तो हसला असं म्हणता येणार नाही. "एवढं सगळं असं आहे, तर तुम्ही दर शनिवारी जाता कशाला?"

ह्या प्रश्नाला बाईकडे तयार उत्तर असेल असं आम्हाला वाटलं होतं. नव्हतं. "दुसरं काय करतात ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मंगळवारी डाग काढायचे, गुरुवारी इस्त्री, शनिवारी ती पोरं परत सगळं चिखलात घालतात. मी ओरडते त्यांच्यावर. मग घरी जाते. घरी क्लिफर्ड असतो."

"माझ्या घरी कोणीच नसतं," सगडेन म्हणाला. अगदी साध्या आवाजात, हवामान सांगावं तसं.

त्याचा स्टॉप केव्हाच मागे गेला होता. डॅरेनला ते दिसलं होतं, पण तो थांबला नव्हता.

गुरुवारी दुपारी सही झाली. मिस फॅरोंनी मालमत्तेची यादी वाचायला घेतली आणि दर वस्तूला मान वर करून नोरीनकडे पाहिलं. "क्लबचं," नोरीन म्हणायची. "क्लबचं. क्लबचं. हो, तेही." यादी गोलपोस्टपाशी आल्यावर दाराशी उभा असलेला क्लिफर्ड, ज्याला हे सगळं तोवर कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणाला, "माझे गोलपोस्ट? मला कधी मिळाले?" त्याला पुढे बोलू दिलं नाही.

कोर्टाला शुक्रवारी ते कागद पुरले. सामान गावभरातून परत येत राहिलं, ढकलगाड्यांतून, बाबागाड्यांतून. मिसेस पॉम्फ्रेटनी मागच्या जप्तीनंतर पहिल्यांदाच टब भरून आंघोळ केली आणि सगळ्यांना सांगितलं.

शनिवारी आम्ही तीन गोलांनी हरलो. सगडेन मालकाच्या खुर्चीत ताठ बसून होता, गळ्यात मरून मफलर. तिसरा गोल झाला तेव्हा नोरीन त्याच्यासाठी चहा घेऊन आली आणि शेजारी बसली.

"हाच का तो? वळणारा?"

"हाच."

"त्याचा करार कधी संपतो?"

"अजून दोन वर्षं आहेत. मागच्या मालकाने करून ठेवलाय."

सगडेनने चहाचा घोट घेतला. खालून कोणीतरी पंचाच्या आईविषयी काहीतरी म्हणालं. नोरीनने उठून त्या माणसाला नाव घेऊन दटावलं आणि पुन्हा बसली.

"पुढचा सामना कुठे आहे?" सगडेनने विचारलं.

"बाहेरगावी. बस सकाळी लवकर सुटते," नोरीन म्हणाली. "सँडविच आपलं आपण आणायचं. आणि हे बूट घालू नका, तिथे फार चिखल असतो."