तिसरा नकाशा

मुलांनी त्यांचं नाव थांबासर ठेवलं होतं. आमच्या बेळगावच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे, मी वनस्पतिशास्त्र. कुणी कुणाबद्दल ठाम बोललं, की चहाची बशी खाली ठेवून म्हणायचे, "थांबा हो. एका नकाशावरनं चाल कळत न्हाय." सगळे वैतागायचे. मीही.

हे नकाशे आकाशातले. सत्तरच्या दशकात सर परदेशात संशोधन करत होते. गावी, बोरगावात, आई एकटी पडली म्हणून परतले. फार दूरच्या काही दीर्घिकांच्या गाभ्यातून झोत उसळतात आणि त्यातल्या तेजस्वी गाठी चक्क प्रकाशाहून वेगानं सरकताना दिसतात, म्हणे! "नुसत्या दिसतात तशा," सर समजावायचे. "झोत आपल्याच रोखानं येतोय, स्वतःच्या उजेडाच्या पाठोपाठ. म्हणून कित्येक वर्षांची वाट आपल्याला थोड्याच काळात उरकल्यासारखी वाटते."

तिकडचा मित्र काही वर्षांनी नवा नकाशा धाडायचा. सर तो ट्रेसिंग पेपरवर उतरवून जुन्यावर ठेवत आणि खिडकीच्या काचेवर धरत. कोपरे धरायला मी. दुसऱ्या नकाशात गाठ पुढं गेलेली दिसली, तेव्हा मी ओरडलेच. "थांबा, बाई. गणपतीच्या मांडवातली दिव्यांची माळ पळतीय असं वाटतं, पण दिवा जागचा हलतो का? तिसरा येऊ दे."

त्यांच्याशी एवढं बोलणारी मी एकटीच. बाकी त्यांची खोली, स्टोव्ह आणि रविवारची बोरगावची बस. आई गेली, मग बोरगावला जाणंही सुटलं. त्या वर्षी लाज सोडून मीच विचारलं, "आपलं काय, सर?"

लाल झाले बिचारे. "मन खरंच तुमच्याकडं ओढ घेतंय, का एकटेपणानं तसं वाटतंय, एवढं मला कळू दे. थोडं थांबा." उचगावच्या माझ्या घरात जात आडवी आली असती, तिच्याशी मी भांडले असते. या थांबण्याशी कशी भांडू?

थांबले की! किती स्थळं परतवली. शेवटी थकले आणि एकाला हो म्हटलं.

साखरपुड्याचे पेढे घेऊन कॉलेजात गेले, तर सर जिन्यातच भेटले. हातात गुंडाळी. इतके आनंदात त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. "तिसरा आला, बाई! गाठ खरंच चाललीय. आणि दुसरंही कळलंय मला. आपलं."

मी डबा पुढं केला. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि हसत विचारलं, "कशाचा हो?"

मी सांगितलं.

"लई चांगलं झालं," म्हणाले. पेढा गालात तसाच होता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तितकीच माया. तास सुटून मुलं जिन्यावरून धडधडत आली. त्यांना वाट द्यायला आम्ही दोघं दोन कडांना सरकलो.