सासूबाईंची झोप आणि माझा चिनी व्यायाम

माझ्या अंगात देवी येत नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही एका मंगळवारी भर सकाळी माझी ओटी भरली गेली!

पंचवटीच्या पुढं आमची फुलशेती. गावात एकच फोन होता, त्या काळातली गोष्ट. सासूबाईंना कॅन्सर झालेला. औषधं लागू पडत होती, पण झोप पार उडाली होती. दवाखान्यातल्या बाईंनी एक चिनी व्यायाम शिकवला. सावकाश हात हलवायचे, शांत श्वास घ्यायचा, म्हणजे झोप लागते म्हणे. सासूबाई अडून बसल्या, "आधी सुनेनं करावं, मग मी करीन!" (मी पाहुण्यांसमोर चहाचा कप ठेवतानाही लाजणारी बाई!)

घरात जागा नाही, म्हणून मागच्या झेंडूच्या वावरात गेलो. सासूबाई बाजेवर बसल्या. मी नुकती न्हालेली, केस मोकळे. लाजेनं डोळे मिटून घेतले (मला कोणी दिसलं नाही, तर मीही कोणाला दिसणार नाही!) आणि डोलायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या विमलमावशी फुलं न्यायला आल्या.

"अगं बया! हिच्या अंगात आलं!"

घटकाभरात अर्धी गल्ली हजर! कुणी कपाळभर कुंकू लावलं, कुणी पदर धरून ओटीत खण-नारळ घातला. मी लाजेनं थरथरायला लागले. झालं, सगळ्यांची खात्रीच पटली!

"आई, माझी म्हैस कालपासून सापडंना. कुठं हाय?" मावशींनी हात जोडले.

नेमका माझा हात पूर्वेला सरकत होता. मावशींचे मालक पूर्वेला धावले. पण व्यायाम असा, की एकीकडे केलं तेच दुसरीकडे करायचं!

"अहो, माघारी फिरा! आई आता तिकडं दाखवतीय!"

मालक धापा टाकत पश्चिमेला. मग माझा हात आभाळाकडे गेला.

"म्हैस देवाघरी गेली गं!" मावशींनी हंबरडाच फोडला.

मी एक डोळा उघडून पुटपुटले, "आत्याबाई, सांगा ना यांना!"

सासूबाई तोंडात पदर कोंबून गदगदा हसत होत्या. कशाबशा म्हणाल्या, "म्हैस येईल! देवीला लय दम लागलाय, जा आता घरी!"

लोक गेले, आणि हसून दमलेल्या सासूबाई बाजेवरच आडव्या होऊन चक्क घोरू लागल्या! कितीतरी दिवसांनी लागलेली झोप. गोधडी घालताना माझे डोळे भरून आले. (संध्याकाळी म्हैस आपल्या पायांनी परत आली, तेव्हा पुन्हा भरून आले. आता दर मंगळवारी गल्ली कौल मागायला येणार, माझी सुटका नव्हती!)

पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "आजी, व्यायामानं फरक पडला का?"

"पडला की! व्यायाम ही करते, झोप मला लागते."

मी मान खाली घातली. बाईंना कसं सांगू, की पुढचा मंगळवार आठवून आता माझीच झोप उडालीय!