कच्च्या सीडीतला आवाज

हसनैनला एका जागी बसवत नाही, आणि काम मात्र बसायचंच. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नाची शूटिंग संगणकावर घ्यायची, कापायची, गाणी टाकायची आणि शेवटी फाइल दाबून लहान करायची. पडद्यावरची पट्टी सरकत असते तेवढ्यात तो मोर्णा नदीच्या पुलावर जाऊन येतो. परत येतो तर पट्टी तिथंच. पुन्हा पूल.

ही गोष्ट २००६ सालची. कापसानं लागोपाठ दगा दिला होता आणि वऱ्हाडातली लग्नं आखडली होती. तीनऐवजी एकच सीडी द्या, असं लोक म्हणत. हसनैन अख्खं लग्न आवळून एका सीडीत बसवी. अशी फाइल टीव्हीखालच्या प्लेअरवर चालत नसे. संगणक लागे, आणि त्या संगणकात ती फाइल उलगडणारं कोडेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर. ते नसलं तर कधी चित्र येत नाही, कधी आवाज. गिऱ्हाईक कुरकुरत येई, हसनैन कोडेक टाकून देई.

बडनेऱ्याची ज्योत्स्ना अशीच एक सीडी घेऊन आली. तिचे वडील श्रावण रेल्वेतून निवृत्त झालेले. बौद्धाचार्य म्हणून वस्तीतली कितीतरी लग्नं त्यांनी लावली होती. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. येत्या रविवारी ज्योत्स्नाचं लग्न होतं आणि त्रिशरण-पंचशील तिला वडिलांच्याच आवाजात हवं होतं. भाऊ सुगतचं लग्न वडिलांनी लावलं होतं. त्याची शूटिंग हसनैनची, आणि ही सीडी त्याच लग्नाची.

"चित्र दिसते, आवाज नाई," ती म्हणाली. "कॅफेवाला म्हने, ज्यानं बनवली त्याच्याचकडे चालन."

"चालन ना. बस तू," हसनैन उभ्यानंच म्हणाला.

त्यानं एक कोडेक टाकून पाहिलं, मग दुसरं. तिसऱ्याला आवाज आला. आधी सनई, मग सिनेमातलं गाणं. पडद्यावर श्रावणचे ओठ हलत होते आणि एक बाई गात होती.

"हे काय हाये, हसनैनभाऊ?"

धंद्याची रीतच तशी आहे. मांडवातला खरा आवाज कोणालाच नको असतो. जनरेटर, रडती पोरं, वाढप्यांच्या हाका. मिक्सिंगवाला ते सगळं पुसून गाणी टाकतो. निकाहातलं 'कबूल है' तेवढं हसनैननं कधी पुसलं नाही, ते ठेवायचं असतं हे त्याला घरातूनच ठाऊक होतं. बौद्ध लग्नात काय ठेवायचं, हे त्यानं कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"शूटिंगची कॅसेट असन ना?"

"तिच्यावर दुसरं लगन घेतलं."

"म्हंजे माया बापाचा आवाज तुमी पुसला."

हसनैन बाहेर पडला. पुलावरून परत आला तेव्हा ज्योत्स्ना तिथंच बसली होती.

"तू गेली नाई?"

"गाडी संध्याकाळी हाये. तवरक इचार करा."

तो दारात जाऊन परत आला. "तुया बाबानं लावलेलं आनखी कोनतं लगन मी काढलं?"

"बाळापूरच्या पार्बताबाईच्या पोराचं."

आता त्याला आठवलं. पार्बताबाईनं मिक्सिंगला साफ नकार दिला होता. गाणी नको, जसं हाये तसं दे. त्यानं नाराजीनंच कच्ची शूटिंग आवळून सीडीवर टाकून दिली होती.

दोघं काळीपिवळी जीपनं बाळापूरला निघाले. गाडी जिथं थांबे तिथं हसनैन खाली उतरे. "मागच्या जन्मी कंडक्टर होते का तुमी?" ज्योत्स्नानं विचारलं.

पार्बताबाईनं आरशामागून सीडी काढली. "टीव्हीच्या डब्ब्यात चालेच ना थे, बाप्पा. म्या म्हतलं, जवारीत टांगाव, पाखरं तरी भेतीन." सीडीवर चरे होते.

दुकानात फाइल दोनदा अडकली, तिसऱ्यांदा चालली. जनरेटरच्या घरघरीतून श्रावणचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा. ज्योत्स्ना पडद्याकडे न पाहता ऐकत राहिली. हसनैननं घरघर काढून पाहिली, तर आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "घरघरीसकट द्या."

अडचण वेगळीच होती. प्रत्येक ओळीनंतर श्रावण थांबत आणि नवरा-नवरी ती ओळ म्हणत. फाइलीत तिथं पार्बताबाईचा मुलगा आणि सून बोलत होते. हसनैननं ते कापलं. पण दुसऱ्या जोडप्याला किती वेळ लागेल, हे फाइलीला कसं कळणार? प्रत्येक ओळीला ती हातानंच थांबवावी लागणार होती.

रविवारी बडनेऱ्यात मंचाशेजारी टेबलावर संगणक मांडला. श्रावणची खुर्ची तिथंच. पहिली ओळ झाली, हसनैननं बटण दाबून थांबवलं आणि लगेच पुन्हा दाबलं. ज्योत्स्नाचा शब्द अर्ध्यात तुटला. श्रावणनी त्याचं मनगट धरलं. हसनैननं फाइल मागे नेऊन ओळ पुन्हा लावली. जोडप्याचं म्हणून होईपर्यंत मनगट सुटलं नाही. मग श्रावणनी एक बोट उचललं. हसनैननं बटण दाबलं.

"लाइट असून जनरेटर काहून लावला बे?" मागून कोणीतरी विचारलं.

पुढची ओळ झाली. हसनैन बोटाकडे पाहत बसून राहिला.