टेलिफोन बाही

माझ्या मावशीला शिवणाच्या दुकानात सगळे 'कात्री' म्हणायचे. हातात कात्री होतीच, पण नाव पडलं ते जिभेवरून. आयुष्यभर ती एकाच माणसावर जळली: सख्ख्या थोरल्या बहिणीवर, म्हणजे माझ्या आईवर.

"ताईला पोतं घातलं तरी शोभतं," असं आजी येता-जाता म्हणायची. धाकटीच्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

एकदा एका गिऱ्हाइकाचं ब्लाउज कापताना मावशीनं दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या. उजव्या खांद्यावर झोळ आला. तो लपवायला तिनं दोन्ही खांद्यांवर चुण्या घातल्या, तरी जमेना. गिऱ्हाइकाला नवं शिवून दिलं आणि बिघडलेलं ताईच्या गळ्यात मारलं. बघूच आता कशी शोभते ती!

आई ते घालून टेलिफोन ऑफिसात आपल्या नोकरीवर, बिलं भरून घ्यायच्या खिडकीवर बसली. महिनाभरात बायका दुकानात मागायला लागल्या, "त्या टेलिफोनवालीसारखी बाही शिवा." पुढे नुसतंच 'टेलिफोन बाही'. फ्रॉकला तीच, झग्याला तीच.

"अहो, ही बाही माझी आहे," मावशी सांगून दमली.

"असेल हो. पण शोभते तिलाच."

मावशीचा नुसता जळफळाट. चुण्या घालायच्या हिनं, नाव तिच्या नोकरीचं! पुढे फॅशन गेली, बाह्याच गेल्या, पण मावशीची जळजळ काही गेली नाही.

परवा आईचा खांदा आखडला म्हणून मावशी सैल ब्लाउजचं माप घ्यायला आली. खांद्यावर टेप ठेवला आणि तिला राहवेना.

"ताई, खरं सांग. टेलिफोन बाही कुणाची?"

"तुझीच की. दोन्ही डाव्या होत्या."

"तुला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? उजवा हात वर होईना. दिवसभर काचायचं. डाव्या हातानं पावत्या द्यायचे मी."

"मग घातलंस कशाला?"

"तू पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी शिवलं होतंस."

मावशी टेप तिथंच टाकून निघाली. मी तिला जिन्यात गाठलं, तर डोळे लाल.

"मावशी, रडतेस?"

"रडू नको तर काय करू? आयुष्यात एवढा एकच वाईटपणा केला होता गं तिच्याशी. तोही तिला शोभला."