वरची खोली आणि नातीची चाचणी

माझी नात विश्रामबागच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते. गोऱ्या-काळ्या माणसांविषयी आपल्याला काय वाटतं, ते मोजायचा तिचा प्रकल्प होता. पहिलं गिऱ्हाईक मी. शिकले चौथीपर्यंतच, पण वाचता येतं.

आधी तिने प्रश्नांचा कागद दिला. 'आफ्रिकेतल्या माणसाला घर भाड्याने द्याल का?' मी 'हो'वर खूण केली.

मग लॅपटॉप. पडद्यावर कधी चेहरा यायचा, कधी शब्द. गोरा चेहरा किंवा चांगला शब्द आला की उजवी कळ, काळा चेहरा किंवा वाईट शब्द आला की डावी. ते झरझर जमलं. नंतर तिने जोड्या बदलल्या. काळा चेहरा आणि चांगला शब्द एकाच कळीवर. तिथे माझं बोट अडायला लागलं.

"आजी, तुझा ओढा गोऱ्यांकडे दिसतोय. तुला माहीतही नसेल, आत दडलेलं असतं ते."

"दडलेलं काय न्हाई. तासगावात शेडवर वीस वर्षं बेदाणा निवडलाय मी. उजळ इकडं, काळा तिकडं. हाताला सवय हाय."

"हे भारी आहे. अहवालात घालते." ती लिहायला लागली.

लिहू दिलं असतं तर मी सुटले असते. पण आठ दिवसांपूर्वी सुदानहून शिकायला आलेली एक मुलगी वरची खोली विचारत आली होती. खोली गेली, असं मी सांगितलं. खोली रिकामीच होती. तिला का नाही म्हणाले, ते मला चांगलं ठाऊक होतं.

"बेदाण्याचं खोडून टाक," मी म्हणाले. "अन् कागदावरचं 'हो' पण खोटं हाय." मग सगळं सांगितलं.

नातीने बेदाण्याची ओळ खोडली. "ती आमच्याच कॉलेजात आहे. रविवारी लॉज सोडायचाय तिला. कुठेच खोली मिळत नाहीये."

"मग फोन लाव."

मुलगी संध्याकाळी आली. मी अटी सांगितल्या. अंडं-मटण चालणार नाही, फाटक दहाला बंद.

"साडेदहा," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "लायब्ररी दहापर्यंत असते. आणि खोली गेली होती ना? परत कशी आली?"

नात खाली बघायला लागली.

"खोटं बोलले होते," मी म्हणाले. "साडेदहा चालेल."

तिने मान हलवली आणि कपडे वाळत कुठे घालायचे ते विचारलं.

दुसरं वर्ष चाललंय. आमचं बरं चाललंय. मध्ये नातीने पुन्हा चाचणी घेतली, तर बोट थोडं अडलंच. पण वरचा नळ ठिबकत राहिला की मी जिन्यातून ओरडते, आणि ती सुदानची मुलगी वरून तितक्याच जोरात मराठीत सांगते, "आजी, वायसर गेलाय, तुम्हीच बदला."