तलंगीच्या पोटातली अंडी

परवा चिकनच्या दुकानात चिरलेल्या कोंबडीच्या पोटात पिवळे गोळे दिसले, आणि लग्नानंतरचं चौथं वर्ष आठवलं. वारज्यात तेव्हा शेतं होती.

आमची गावठी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, वाढली होती, पण अंड्यावर आली नव्हती. पाहुणे यायचे होते. अंडी धरलीत का ते बघायला सासूबाईंनी तिच्या शेपटीखालची हाडं बोटांनी चाचपली.

"लई वाट पाहिली. हिच्या पोटात काय न्हाय," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या.

मला मूल नव्हतं. मी चुलीवरच्या पाण्याकडे बघत राहिले.

कोंबडी चिरली. आत मोहरीएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंतच्या पिवळ्या बलकांचा घोस होता. सासूबाईंचा हात थांबला.

जेवताना त्यांनी तो सगळा घोस माझ्याच ताटात वाढला. "घाईच केली मी," त्या हळूच म्हणाल्या.

त्या कोंबडीबद्दलच बोलत होत्या, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.